गोचीड तापाचं निदान रक्ताच्या स्लाइडवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात संकरित गाई आणि म्हशी घरोघरी आहेत, आणि गोचीडही गोठ्यागोठ्यात आहेत. हे पान मुख्यतः पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहे. पशुपालकांना आणि कुत्रा पाळणाऱ्यांना उपयोगी पडतील असेही काही प्रश्न यात आहेत.

गोचीड ताप म्हणजे नेमका कोणता आजार?

बोलताना आपण एकच नाव घेतो, पण त्यात अनेक वेगळे आजार येतात. जिवाणूंमुळे होणारे असे: गाई-म्हशींच्या तांबड्या पेशीत राहणारा ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल, कुत्र्याच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीत राहणारा एर्लिकिया कॅनिस आणि कुत्र्याच्याच प्लेटलेटमध्ये राहणारा ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस. बबेसिया आणि थायलेरिया हे जिवाणू नव्हेत, ते एकपेशीय परजीवी. तरीही ते गोचिडांमुळेच पसरतात आणि त्याच स्लाइडवर दिसतात, म्हणून तपासणाऱ्याला सगळेच ओळखता यायला हवेत.

नाव नेमकं कळण्याची गरज औषधामुळे आहे. ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं, बबेसियावर डायमिनाझिन, थायलेरियावर ब्युपार्व्हाक्वोन. अंदाजाने एक इंजेक्शन दिलं आणि ते चुकीचं निघालं तर अशक्त गाईचे दोन दिवस वाया जातात, आणि तेवढ्यात ती हातची जाऊ शकते.

लक्षणांवरून ओळखता येत नाही का?

दिशा मिळते, खात्री मिळत नाही. लघवी कॉफीसारखी किंवा लाल असेल तर आधी बबेसियाचा विचार करावा, कारण त्यात तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. ॲनाप्लाझ्मात बाधित पेशी प्लीहेत आणि इतरत्र गिळून टाकल्या जातात. म्हणून जनावर पांढरंफटक पडतं, हिरड्या आणि डोळ्यांची त्वचा पिवळी होते, शेण घट्ट येतं, पण लघवी लाल होत नाही. खांद्यापुढच्या आणि कासेजवळच्या लसिकाग्रंथी सुजल्या असतील तर थायलेरिया.

वयही पाहावं. ॲनाप्लाझ्मा वर्षाच्या आतल्या वासरांना सहसा सौम्य जातो, दोन-तीन वर्षांपुढच्या गाईंना जड जातो. दोन आजार एकाच वेळी असणंही नवल नाही, आणि तिथे लक्षणं हमखास फसवतात.

रक्त कधी घ्यावं?

पहिलं इंजेक्शन देण्याआधी. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

टेट्रासायक्लिन गटातलं औषध सुरू झालं की जिवाणू स्लाइडवरून झपाट्याने कमी होतात. कुत्र्याला डॉक्सिसायक्लिनचे एक-दोन दिवस झाले असतील तर मोनोसाइटमध्ये काही सापडेल ही आशा जवळजवळ सोडावी लागते. उपचार थांबवून ठेवा असं कोणीच म्हणत नाही. स्लाइड ओढायला, म्हणजे थेंब काचेवर पातळ पसरायला, दोन मिनिटं लागतात. आधी दोन स्लाइड, मग सुई, हा क्रम पाळला की उपचारही लांबत नाही आणि निदानही हुकत नाही.

औषध आधीच दिलं असेल तर ते अर्जावर स्पष्ट लिहा: कोणतं, किती, कधी. हे माहीत नसेल तर तपासणाऱ्याला निगेटिव्ह स्लाइडचा अर्थ लावता येत नाही.

ताप चढलेला असताना घेतलेली स्लाइड चांगली. मात्र ॲनाप्लाझ्मात रक्त सर्वांत जास्त उतरतं तेव्हा ताप बऱ्याचदा उतरलेला असतो. त्यामुळे ताप नाही म्हणून स्लाइड टाळू नका.

कानातून घ्यावं की मानेच्या शिरेतून?

हे जंतूवर अवलंबून आहे. ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल बारीक केशवाहिन्यांत साठून राहत नाही, म्हणून मानेच्या शिरेतलं रक्त पुरतं. बबेसियाचा संशय असेल तर कानाच्या टोकाचा थेंब घ्यावा. कुत्र्यात एर्लिकियासाठीही कानाच्या कडेचा थेंब उजवा ठरतो. आजार कोणता हे आधी माहीत नसतंच, तेव्हा कानाच्या दोन स्लाइड आणि शिरेतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त असं दोन्ही पाठवलं तर प्रश्नच उरत नाही.

कान स्पिरिटने पुसल्यावर तो पूर्ण सुकू द्या. ओल्या स्पिरिटमध्ये थेंब मिसळला तर पेशी फुटतात.

ईडीटीएची बाटली किती भरावी, किती वेळ चालते?

जांभळ्या झाकणाच्या २ मिलिलिटरच्या बाटलीत २ मिलिलिटरच रक्त घ्या. अर्धीच भरली तर ईडीटीए जास्त होतं आणि पेशी आकसतात. भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा. जोरात हलवू नका.

स्लाइड शक्यतो तासाभरात ओढावी. उशीर झाला की मोनोसाइटमध्ये पोकळ्या पडतात, प्लेटलेट फुगतात आणि नसलेले जिवाणू दिसू लागतात. गगनबावडा किंवा चंदगडहून बाटली शहरात पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. तेव्हा स्लाइड गोठ्यातच ओढा आणि बाटली बाकीच्या तपासण्यांसाठी पाठवा. हिरव्या झाकणाची हेपारिनची बाटली वापरू नका, रंगवल्यावर मागची पार्श्वभूमी निळसर येते.

चांगली स्लाइड कशी ओढायची?

१. नवी स्लाइडही तेलकट असते. स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि कडांनीच धरा.

२. एका टोकाजवळ २ ते ३ मिलिमीटरचा थेंब ठेवा. त्याहून मोठा नको. जाड स्लाइड होण्याचं पहिलं कारण मोठा थेंब हेच असतं.

३. ओढायची काच थेंबाच्या पुढे टेकवा, मागे आणून थेंबाला लावा आणि थेंब कडेने पसरू द्या.

४. ३० ते ४५ अंशांचा कोन धरून एका दमात पुढे ढकला. मध्ये थांबलात की आडवे पट्टे पडतात.

५. लगेच हवेत हलवून सुकवा.

थर स्लाइडच्या अर्ध्या ते पाऊण भागात संपावा आणि शेवट जिभेसारखा गोल, पातळ यावा. स्लाइडच्या टोकापर्यंत गेलेला थर निरुपयोगी, कारण पांढऱ्या पेशी आणि मोठे परजीवी त्या शेवटच्या कडेलाच ओढले जातात आणि ती कडच तुम्ही गमावलेली असते.

रक्त फार पातळ झालेल्या जनावराची स्लाइड नेहमीच्या कोनात ओढली तर थर लांबत जातो. कोन वाढवा, ढकलण्याचा वेग वाढवा. उलट, पाणी कमी होऊन घट्ट झालेल्या रक्तासाठी कोन कमी करा.

नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा, घासलेल्या काचेच्या टोकावर किंवा थराच्या जाड भागावर. मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. मग सहा स्लाइड समोर असतात आणि कोणती कोणत्या गाईची ते कोणालाच सांगता येत नाही.

पावसाळ्यात स्लाइड खराब का होतात?

दमट हवेत थर सावकाश सुकतो. त्या वेळात तांबड्या पेशींत पाण्याचे चमकणारे ठिपके तयार होतात आणि नवखा डोळा त्यांना ॲनाप्लाझ्मा समजतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या पावसात हे रोजचं आहे. हेअर ड्रायरची थंड हवा द्या. गरम हवा किंवा दिव्याची धग देऊ नका.

दुसरं कारण मिथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की आतलं मिथेनॉल पाणचट होतं आणि फिक्स करतानाच, म्हणजे थर काचेवर पक्का करतानाच, पेशी बिघडतात. मोठ्या बाटलीतून लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडं थोडं काढून वापरा.

तिसरं कारण माश्या. उघड्या ठेवलेल्या स्लाइडवरचं रक्त माश्या खातात आणि थराला भोकं पडतात. सुकली की लगेच डबीत ठेवा.

स्लाइड पाठवताना काय सांभाळायचं?

सुकल्यावर मिथेनॉलमध्ये एक ते तीन मिनिटं फिक्स करा, पुन्हा सुकवा, मग स्लाइडच्या डबीत उभ्या ठेवा. दोन स्लाइड एकमेकींना चिकटवून कागदात गुंडाळू नका. बर्फाच्या डब्यात फक्त ईडीटीएची बाटली ठेवायची, तीही बर्फाला थेट टेकणार नाही अशी. स्लाइड बर्फात ठेवली तर तिच्यावर दव धरतं आणि पेशी फुटतात.

फॉर्मालिनची बाटली त्याच डब्यात कधीही ठेवू नका. झाकण बंद असलं तरी वाफ पुरते. अशा स्लाइडवर रंग नीट चढत नाही, सगळं हिरवट-निळं दिसतं.

गिम्सा रंगवण्याची पद्धत कोणती?

गिम्सा हा पेशी आणि जंतू रंगवण्याचा रंग. गिम्सा एक भाग, ७.२ पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) नऊ भाग. हे मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो लागेल तेवढंच करावं. काही तासांनी त्यात गाळ धरतो आणि तोच गाळ स्लाइडवर ठिपक्यांच्या रूपाने येतो. फिक्स केलेली स्लाइड त्यात सुमारे ३० मिनिटं ठेवा. नंतर तीन-चार वेळा पाण्यात धुवा आणि उभी ठेवून सुकवा.

रंग सपाट टाकून ठेवण्यापेक्षा स्लाइड भांड्यात उभी बुडवणं चांगलं, गाळ थरावर बसत नाही. जुनी गिम्सा वापरण्याआधी गाळून घ्या.

बफर महत्त्वाचं आहे. बोअरच्या जड पाण्यात गिम्सा मिसळली तर पीएच वर जाऊन सगळं निळं पडतं. आम्लधर्मी झालं तर सगळं गुलाबी होऊन जिवाणू फिके पडतात. बफरच्या गोळ्या मिळतात, त्या डिस्टिल्ड पाण्यात पाकिटावर दिलेल्या प्रमाणात विरघळवा.

लिशमन किंवा झटपट रंग चालेल का?

लिशमन चालतो: पातळ न करता दोन मिनिटं, मग दुप्पट बफर घालून आठ-दहा मिनिटं. त्यात मिथेनॉल असतंच, वेगळं फिक्स करावं लागत नाही. तीन भांड्यांत बुडवायचा झटपट रंग दवाखान्यात तातडीने पाहायला चांगला. पण त्याची भांडी वेळेवर बदलली जात नाहीत आणि जुन्या रंगात जिवाणूच वाढलेले असतात. एक स्लाइड झटपट रंगवून पाहा, दुसरी गिम्सासाठी राखा.

सूक्ष्मदर्शकात कुठे आणि किती पाहायचं?

आधी १० च्या लेन्सने पूर्ण थरावरून फिरा: थर कसा आला आहे, प्लेटलेटचे गठ्ठे कुठे आहेत, कडेला पांढऱ्या पेशी किती आहेत. मग १०० च्या ऑइल लेन्सवर या. तांबड्या पेशींतलं काही शोधायचं असेल तर पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात असा एकपदरी भाग निवडा. पांढऱ्या पेशींतलं शोधायचं असेल तर शेवटची कड आणि दोन्ही बाजू.

किती पाहायचं, याचा हिशेब करता येतो. गाईच्या १ मिलिलिटर रक्तात साधारण ५०० ते १००० कोटी तांबड्या पेशी असतात. स्लाइडवर ॲनाप्लाझ्मा सापडायला मिलिलिटरमागे किमान १० लाखांच्या आसपास बाधित पेशी लागतात. म्हणजे पाच ते दहा हजार पेशींत एक. एका क्षेत्रात २०० पेशी धरल्या तर दहा हजार पेशींसाठी ५० क्षेत्रं होतात, आणि तेवढ्यात एक सापडेलच असंही नाही. म्हणून १०० ते २०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये. पाच मिनिटांत दिलेल्या निगेटिव्ह रिपोर्टला किंमत नाही, आणि तो रिपोर्ट वाचून कोणी उपचार थांबवला तर नुकसान जनावराचं होतं.

ॲनाप्लाझ्मा नेमका कसा दिसतो आणि कशाशी गल्लत होते?

तांबड्या पेशीच्या कडेला टेकलेला, गर्द जांभळा, गोल, ०.३ ते १ मायक्रोमीटरचा ठिपका. गाईची तांबडी पेशी साधारण साडेपाच मायक्रोमीटरची असते, त्यावरून आकाराचा अंदाज घ्या. सहसा पेशीत एक, कधी दोन. त्याला पेशीद्रव्य नसतं, अंगठीसारखी पोकळीही नसते. अंगठी किंवा दोन नासपतीसारखी टोकं जुळलेली दिसली तर तो बबेसिया.

गल्लत होते ती अशी. हॉवेल-जॉली बॉडी (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा) गोल, गुळगुळीत आणि बहुधा ॲनाप्लाझ्मापेक्षा मोठी असते, कडेलाच असेल असं नाही. रक्त भरून यायला लागलेल्या गाईत ती हमखास दिसते, आणि ॲनाप्लाझ्मातून सावरणारी गाय नेमकी तशीच असते, म्हणून इथे सर्वांत जास्त चुका होतात. एकाच पेशीत अनेक बारीक निळे ठिपके दिसले तर ते बेसोफिलिक स्टिपलिंग. रवंथ करणाऱ्या जनावरांत रक्त नव्याने तयार होताना ते येतं. पेशीवर बसलेल्या प्लेटलेटभोवती फिकट कडं दिसतं. रंगाचा गाळ आणि पाण्याचे ठिपके फोकस वर-खाली केला की चमकतात किंवा पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर स्पष्ट होतात. जिवाणू पेशीबरोबरच स्पष्ट होतो आणि पेशीबरोबरच धूसर होतो. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही तसेच ठिपके असतील तर गाळच समजा.

शंका असेल तर दुसरी स्लाइड नव्या रंगाने रंगवा. एका ठिपक्यावर पॉझिटिव्ह लिहू नका.

टक्केवारी कशी काढायची, आणि ती कशासाठी?

एकपदरी भागात १००० तांबड्या पेशी मोजा, त्यांतल्या बाधित मोजा, दहाने भागा. १००० पैकी ५० बाधित म्हणजे ५ टक्के. आजार वाढत असताना बाधित पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. म्हणून आजचे २ टक्के पाहून निश्चिंत होऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लाइड घ्या. सोबत पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के) काढा. गाईत तो साधारण २४ ते ४६ असतो.

पीसीव्ही फार उतरलेल्या गाईला दवाखान्यात चालवत नेऊ नका. पळवणं, पाडणं, उन्हात उभं करणं यानेच ती कोसळू शकते. डॉक्टरांना गोठ्यात बोलवा.

कुत्र्याच्या स्लाइडवर एर्लिकिया क्वचितच का सापडतो?

कारण तो मोजक्याच मोनोसाइटमध्ये, आणि तोही मुख्यतः आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत असतो. तीव्र अवस्थेतल्या कुत्र्यांतही शंभरातल्या जेमतेम चार-सहांच्या साध्या स्लाइडवर तो दिसतो. पेशीत जांभळ्या दाण्यांचा गोल पुंजका दिसतो, तुतीच्या फळासारखा. त्याला मोरुला म्हणतात. जुनाट अवस्थेत तो शोधण्यात अर्थ नाही.

शक्यता वाढवायची तर बफी कोट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा थर, वापरा. हेमॅटोक्रिटची केशनळी पाऊण भरा, एक टोक बंद करा, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा. तांबड्या पेशींच्या वर जो पांढरा पातळ पट्टा येतो, त्याच्या किंचित खाली नळीला कानसाने ओरखडा द्या आणि हातमोजे घालून, चेहऱ्यापासून लांब धरून मोडा. पांढरा भाग थोड्या प्लाझ्मासह स्लाइडवर टेकवा आणि नेहमीसारखी स्लाइड ओढा.

इथेही फसगत आहे. मोनोसाइटवर बसलेली प्लेटलेट, मोठ्या लिम्फोसाइटमधले गुलाबी दाणे, गिळलेल्या केंद्रकाचे तुकडे आणि डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात पेशीत दिसणारे गोळे मोरुलासारखे भासतात. न्यूट्रोफिलमध्ये लांबट, कॅप्सूलसारखा मोठा आकार दिसला तर तो हेपॅटोझून, तोही गोचिडामुळेच, कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो.

मोरुला नसला तरी स्लाइड वाया जात नाही. १०० च्या लेन्सखाली दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट मोजा, सरासरी काढा, १५,००० ने गुणा. हा एका मायक्रोलिटरमधला अंदाज. दोन लाखांच्या बराच खाली आणि कडेला गठ्ठेही नाहीत, अशा वेळी गोचीड लागलेल्या कुत्र्यात एर्लिकियाची पुढची तपासणी करावीच. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिसमध्ये प्लेटलेट दर १० ते १४ दिवसांनी घसरतात आणि पुन्हा चढतात, त्यामुळे एका दिवसाचा आकडा दिलासा देत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग आजार नाही असं समजायचं का?

नाही. पॉझिटिव्ह स्लाइड पुरावा आहे; निगेटिव्ह स्लाइड म्हणजे त्या दिवशी त्या थेंबात सापडला नाही इतकंच. लक्षणं आणि रक्ताचे आकडे जुळत असतील तर पशुवैद्यक उपचार सुरू करू शकतात आणि त्याचबरोबर पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) ईडीटीए रक्त पाठवू शकतात. एलायझा किंवा कार्ड चाचणी प्रतिपिंडं शोधते. आजाराच्या पहिल्या दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते.

गाय धडधाकट आहे, पण स्लाइडवर एखाददुसरा ॲनाप्लाझ्मा सापडला. उपचार करायचे?

बरी झालेली जनावरं बहुधा आयुष्यभर जिवाणू बाळगून असतात. पीसीव्ही चांगला असेल, दूध नेहमीचं असेल तर नुसत्या स्लाइडवर औषध देण्याची घाई नको. अशा गाईची नोंद ठेवा, कारण पुढच्या प्रश्नाचा तिच्याशी संबंध आहे.

गोचीड नसतानाही आजार पसरतो का?

ॲनाप्लाझ्मा पसरतो. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो नेतात, आणि माणूसही नेतो: एकच सुई अनेक जनावरांना, न धुतलेला बिल्ल्याचा चिमटा, शिंगं काढण्याची हत्यारं. लसीकरणात प्रत्येक जनावराला नवी सुई हा नियम खर्चिक वाटतो, पण एका दुभत्या गाईच्या किमतीत किती सुया येतात याचा हिशेब कोणीही करावा.

जनावर मेलं. आता स्लाइडचा उपयोग आहे?

आहे, लवकर केली तर. कानाच्या किंवा शेपटीच्या शिरेतल्या रक्ताची स्लाइड घ्या. यकृत, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस यांच्या ताज्या कापाचा ठसा काचेवर उमटवा. कुजायला लागल्यावर इतर जिवाणू वाढतात आणि स्लाइड वाचता येत नाही.

गोचीड चावून माणसाला ताप आला तर हीच स्लाइड चालेल?

बहुतेक वेळा नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. भारतातला गोचीड टायफस रिकेट्सिया कोनोरी या जिवाणूमुळे होतो. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात राहतो, रक्तपेशींत नाही, म्हणून स्लाइडवर दिसत नाही. स्क्रब टायफसचंही तसंच. तो गोचिडाने नव्हे, चिगर माइटच्या अळीने पसरतो. सिंधुदुर्गात आढळलेला माकडताप विषाणूचा आहे, तोही स्लाइडवर दिसत नाही. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून घरी बसू नका. ताप, तीव्र डोकेदुखी, तळहात-तळपायांवरही पुरळ किंवा अंगावर काळी खपली असेल तर डॉक्टरांना गोचीड आणि जंगल-शेताचा संपर्क आवर्जून सांगा. रिकेट्सियाच्या संशयात डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात.

गोचीड काढताना चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल किंवा विडीचा चटका देऊ नका.

कोल्हापुरात नमुना कुठे द्यायचा?

आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथून जिल्हा पशुसर्वचिकित्सालय. डॉक्टरांना गोठ्यात बोलवायचं असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पुढच्या तपासण्यांसाठी पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आणि सातारा जिल्ह्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नमुना पशुवैद्यकांच्या पत्रासह पाठवा. पत्रात जनावराचं वय, जात, गाभण आहे का, ताप किती, लघवीचा रंग, गोचीड दिसले का, जनावर कुठून विकत आणलं आणि कधी, आणि कोणतं औषध कोणत्या तारखेला दिलं, एवढं असू द्या.